टेलर मास्टरचा कीबोर्ड

रिसोडच्या मार्केट यार्डात मी बरीच वर्षं हर्रास पुकारत होतो. हर्रास म्हणजे धान्याचा लिलाव. सोयाबीनचे, तुरीचे, हरभऱ्याचे ढीग ओट्यावर पडलेले असतात, व्यापारी एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकत जातात आणि त्यांच्या पुढे एक माणूस भाव ओरडत चालतो. तो माणूस मी. एका अडत्याकडे नोकरीला होतो. बी.ए. झालेलो होतो, वाचनाचा नाद होता, पण गावात मला लोक ओळखायचे ते आवाजावरून. बायको म्हणायची, "तुमी जेवाले निघाले का नाई, थे मले घरी बसल्या समजते. यार्डातला गलका कमी होते."

आवाज बसला तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. हंगामात आमच्यासारख्यांचा घसा बसतोच. गरम पाणी, मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची काडी, सगळं झालं. हंगाम सरला, ओटे रिकामे झाले, तरी आवाज उठेना. शेवटी आमच्या शेठनंच मला गाडीत घालून अकोल्याला नेलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं की नुसती गाठ काढून भागणार नाही, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. श्वास गळ्यावरच्या छिद्रातून चालेल.

"पन जगतीन ना?" बायकोनं विचारलं.

"जगतील."

"मंग काढा," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेक धनजहून आली. तिचं सासर तिथलं. मी दिवसभर तिच्याशी बसक्या घोगऱ्या आवाजात बोलत राहिलो. काही महत्त्वाचं बोललो असं नाही. तिच्या लहानपणी घरी असलेल्या शेळीबद्दल बोललो, तिच्या शेजाऱ्यांबद्दल विचारलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. माझ्या आवाजातलं शेवटचं वाक्य कोणतं होतं, ते तिलाही आठवत नाही, मलाही नाही.

मी वाचलो. त्या डॉक्टरांचे, शेठचे, आणि "मंग काढा" म्हणणाऱ्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. पण घरी आल्यावर जे सुरू झालं त्याची तयारी आमच्यापैकी कोणाचीच नव्हती.

बायको रिठदची. तिच्या लहानपणी तिला कोणी शाळेत घातलं नाही, त्यामुळे पाटीवर लिहून दाखवण्यात अर्थ नव्हता. हातवारे चालले. मी मीठ मागितलं की ती पाणी आणायची. मी नाही म्हणून हात हलवला की तिला वाटायचं, जेवण नको म्हणतात. एकदा रागानं मी ताट आपटलं. तिनं सांडलेली भाजी पुसून घेतली आणि पुन्हा वाढली.

लेकीनं मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला. त्यात असं अ‍ॅप टाकलं की आपण लिहावं आणि त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवावं. कल्पना उत्तम होती. माझी बोटं मात्र पोती उचलून जाड झालेली. एक अक्षर दाबायला जावं तर शेजारची दोन उमटायची. शेठ भेटायला आले, त्यांनी तब्येत विचारली. मी लिहायला लागलो. बरी आहे, फक्त घास गिळताना जपावं लागतं, एवढंच लिहायचं होतं. तोवर शेठ आणि माझा मेहुणा तुरीच्या भावावर गेले, तिथून कोणाच्या तरी म्हशीवर आले, आणि म्हैस आजारी आहे असं कोणीतरी म्हणताना माझ्या हातातला फोन मध्येच बोलला, "बरी आहे, फक्त घास गिळताना जपावं लागतं." मेहुण्याला हसू आवरेना. नंतर त्यालाच वाईट वाटलं. मी फोन उशीखाली ठेवून दिला आणि बरेच दिवस काढलाच नाही.

बोलण्याला उशीर झाला की ते बोलणं राहत नाही, हे मला हर्रासात कळायला हवं होतं. व्यापाऱ्याचं बोट वर गेलं त्याच क्षणी भाव पुकारावा लागतो. क्षण गेला की तो भावही गेला.

गळ्यावरच्या छिद्रात धूळ जाऊ नये म्हणून त्यावर पातळ कापड हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको साडीचा तुकडा बांधून द्यायची, तो सारखा सरकायचा. म्हणून मी टेलर मास्टरकडे गेलो.

मास्टरचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. दुकान त्याच्या वडिलांचं. मास्टर माझ्याच वयाचा असेल. ऐन तरुणपणी डोक्यात ताप गेला आणि दोन्ही कान कायमचे गेले. बोलायला येत होतं ते राहिलं, फक्त स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे तो सपाट, एका पट्टीत बोलतो. माझे शर्ट वर्षानुवर्षं त्यानंच शिवले. सवयीनं मी त्याच्यासमोरही ओरडूनच बोलायचो, तेव्हा तो हसून म्हणायचा, "भाऊ, तुमचा आवाज मले कानात नाई, छातीत लागते."

पूर्वी गिऱ्हाईक त्याला खडूनं चिंधीवर लिहून द्यायचे. आता काउंटरवर लाकडी ठोकळ्याला टेकवून फोन उभा केलेला असतो आणि त्याच्यापुढे वहीएवढा लहान कीबोर्ड. कीबोर्डच्या बटणांवर त्यानं मराठी अक्षरं स्वतः लिहून चिकटवली आहेत, आणि खडूची पूड जाऊ नये म्हणून वर जुन्या अस्तराचं झाकण शिवलं आहे. गिऱ्हाईकानं लिहायचं, मास्टरनं वाचायचं आणि तोंडानं उत्तर द्यायचं.

मी दुकानात शिरलो, गळ्यापाशी हात नेला. तो काउंटरच्या मागून बाहेर आला. कापड बाजूला करून त्यानं ते छिद्र नीट पाहिलं. अशा वेळी लोक नजर चुकवतात. त्यानं चुकवली नाही.

"समजलं व्हतं मले," तो म्हणाला. "तुमी कायले आले नाई, थे समजलं नाई. बसा. काय पाह्यजे थे लिहा."

मी एका बोटानं अक्षरं शोधत बसलो. पातळ कापड, दोन पदर, मानेमागे बंद. तेवढ्यात एक माणूस पँट अल्टर करायला आला आणि घाई करायला लागला. मास्टरनं त्याला हात केला आणि आपल्या त्या सपाट आवाजात म्हणाला, "थांबा जरा. भाऊ बोलून राह्यले."

मी बोलत नव्हतो. मी एक वेलांटी शोधत होतो. पण ऑपरेशननंतर माझ्याबद्दल 'बोलून राह्यले' असं म्हणणारा तो पहिला माणूस. माझे डोळे भरून आले आणि ती वेलांटी आणखीच सापडेना.

मलमलचे ते गळपट्टे त्यानं फार सुंदर शिवले. समोरून शर्टाच्या गळ्यासारखे दिसतात, मागे दोन लहान बंद. घ्यायला गेलो तर म्हणाला, "दुकानात गर्दी नसते तवा येत जा. बोट एक वापरून राह्यले तुमी. तसं नाई व्हनार."

मी रोज दुपारी जाऊ लागलो. त्याच्याकडे आणखी एक जुना कीबोर्ड होता, तो त्यानं माझ्या फोनला जोडून दिला. तार नव्हती, नुसता जवळ ठेवला की चालायचा. बटणं मोठी होती. माझ्या बोटांना पहिल्यांदा जागा मिळाली.

मास्टरची शिकवायची पद्धत म्हणजे स्वतःचं काम करत राहायचं आणि मी चुकलो की मशीन थांबवायचं. मी चुकलेला शब्द एकेक अक्षर मागे जाऊन पुसत होतो, तेव्हा त्यानं माझं बोट धरलं. "कंट्रोल दाबून धर, मंग पुसाचं बटन दाब. पुरा शब्द जाते." खरंच गेला. तोवर आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायला लागलो होतो. फोनमध्ये एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर जायला मी पडद्यावर बोट घासत बसायचो. त्यानं आल्ट आणि टॅब दाखवलं. इंग्रजीतून मराठीत यायला मी सेटिंगमध्ये शिरायचो. त्यासाठीही दोनच बटणं निघाली.

एकदा मी लेकीला मोठा निरोप लिहीत होतो. बोटं कुठे तरी भलतीकडे पडली आणि सगळं लिहिलेलं निळं झालं, पुढचं बटण दाबताच नाहीसं झालं. दुपार त्यात गेली होती. मास्टरनं माझा चेहरा पाहिला, कात्री खाली ठेवली, कंट्रोल धरून झेड दाबलं. सगळं जसंच्या तसं परत आलं. माझा हात नकळत गळ्यावर गेला असावा, कारण तो म्हणाला, "थे नाई येत वापस, भाऊ. बाकी लय काही येते."

पण खरी गंमत त्यानं नंतर शिकवली. शिंप्याकडे पुठ्ठ्याचे कापलेले साचे असतात, कॉलरचा एक, खिशाचा एक. त्यांना तो फर्मे म्हणतो. दर वेळी माप काढत बसायचं नाही, फर्मा ठेवायचा आणि कापायचं. "वाक्याचेबी फर्मे असतेत," तो म्हणाला. "रोज जे तू बोलतं, थे रोज पुरं कायले लिहितं?" त्यानं एक लहानसं अ‍ॅप टाकून दिलं. त्यात आपण ठरवायचं की ही दोन अक्षरं लिहिली की हे पूर्ण वाक्य उमटावं. त्याच्या दुकानातल्या फोनमध्ये असे कितीतरी होते. गिऱ्हाईकानं 'कम' एवढं लिहिलं की पडद्यावर 'कपडे कधी मिळतील?' येत होतं. जुन्या गिऱ्हाइकांना ते पाठ होते.

मी घरी बसून माझे फर्मे करायला लागलो. आपण दिवसभर काय काय बोलतो हे मी आयुष्यात प्रथमच न्याहाळलं. बरंचसं बोलणं तेच ते असतं, आणि त्या तेच ते बोलण्यावरच घर चालतं, हे तेव्हा समजलं.

पहिला फर्मा मी बायकोवर चालवला. ती आत पीठ मळत होती. मी बाजेवर कीबोर्ड ठेवला, 'चह' लिहिलं, बटण दाबलं. फोन स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाला, "चहा ठेवतेस का गं?"

अ‍ॅपमधला मराठी आवाज बाईचा होता. बायको पिठाच्या हातानंच बाहेर आली. "कोन आलं?" तिनं दारापर्यंत जाऊन पाहिलं. मी फोनकडे बोट दाखवलं आणि पुन्हा बटण दाबलं.

"ही बाई मले चहा मांगून राह्यली?"

मी लिहिलं आणि फोनमधली बाई अगदी पुण्याच्या उच्चारात म्हणाली, "मी मांगून राह्यलो."

बायको मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो, माझ्या हसण्याला आता आवाज नाही, नुसते खांदे हलतात. "तिले सांगा," ती म्हणाली, "साखर संपली हाये."

त्या दिवशी चहा गुळाचा झाला. पीत असताना तिनं एकदम विचारलं, "दुखते का वो तुमाले?" ती हे आधीही विचारत असे, पण मी मान हलवण्यापलीकडे काय सांगणार? आता मी लिहायला घेतलं. याचा फर्मा नव्हता. वेळ लागला. ती कप खाली ठेवून, हात मांडीवर घेऊन थांबली.

"दुखत नाई," फोन म्हणाला. "भेव वाटते कधी कधी."

"मलेबी," ती म्हणाली.

मग आम्ही दोघं पुष्कळ बोललो. ती तोंडानं, मी बोटांनी. या बोलण्याचे फर्मे मी पुढेही कधी केले नाहीत. ते शब्द मी दर वेळी पूर्ण लिहितो.

आता बोलता येतंय म्हटल्यावर मला हर्रासाची ओढ लागली. शेठनं आडकाठी केली नाही. मी फोनला एक लहान स्पीकर जोडला, कीबोर्ड पट्ट्यानं गळ्यात अडकवला आणि ओट्यावर चढलो. भावाचे आकडे, "आणखी कोणी?", "सुटला!", असे सगळे फर्मे बसवले होते. व्यापारी माझे जुने ओळखीचे. त्यांनी बोटं वर केली आणि फोनमधली ती बाई बोलेपर्यंत तशीच धरून ठेवली. फार चांगुलपणा केला त्यांनी. पण हर्रासात कोणी कोणासाठी थांबत नसतं, आणि थांबावं लागलं की तो हर्रास राहत नाही. ओट्यावर उन्हात शेतकरी उभे होते. काही ढिगांनंतर मी स्वतःच खाली उतरलो आणि माझ्यामागे हर्रास पुकारू लागलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून त्याला वर जा म्हणून खुणावलं.

शेठनं मला आत गादीवर बसवलं. म्हणाले, "आपल्या गावोगावच्या शेतकऱ्यायले भाव कोन कळवीन? सगळे फोनच करून राह्यले, कोनाले उत्तर द्याव?" ते काम मी घेतलं. गावांची नावं, मालाची नावं, आवक कशी आहे, ओला माल आणू नका, उद्या यार्ड बंद आहे, हे सगळं मी दोन-दोन अक्षरांत बसवलं. फक्त भाव तेवढा ताजा लिहायचा. रिठदची जीप सुटायच्या आत तिथल्या लोकांच्या फोनवर निरोप पडतो. एक शेतकरी यार्डात भेटला तेव्हा म्हणाला, "पहिले तुमचा आवाज आमाले इथं आल्यावर आयकू ये. आता आमच्या ओसरीत येते." मी त्याला दोन बटणांत धन्यवाद म्हणालो. मनात पुष्कळ जास्त होतं.

मास्टरकडे मात्र रोजचं जाणं सुटलं नाही. एके दिवशी दुपारी त्यानं मशीन थांबवलं आणि माझ्याकडे वळून बसला.

"पोरीच्या लग्नाची बोलचाल हाये. शुक्रवारी कारंज्याचे लोक येऊन राह्यले," तो म्हणाला. "मी बोलीन. पन थे काय बोलतीन, थे मले कोन सांगीन?"

त्याच्या फोनमध्ये समोरच्याचं बोलणं ऐकून आपोआप लिहिणारं अ‍ॅप होतं. एकटा माणूस सावकाश बोलला तर ते बरं चालायचं. चार जण एकदम बोलले की त्याची त्रेधा उडायची, त्यातून आमच्याकडची हिंदी, वऱ्हाडी आणि उर्दू यांची मिसळ. एका लग्नात 'लडका नोकरी करता है' याचं त्यानं 'लडका टोकरी करता है' केलं होतं आणि मास्टरनं बुरूड समजून टोपल्यांची चौकशी केली होती.

"तुले आयकू येते," तो म्हणाला. "आता तुहा हातबी चालते. तू बस माह्या बाजूले."

आम्ही तयारी केली. नवरदेवाचे वडील, आई, मामा, 'विचारतात', 'कबूल आहे म्हणतात', 'आपसात बोलताहेत', सगळ्यांचे फर्मे झाले. शेवटी तो म्हणाला, "आनखी एक कर. काही सुटलं तं सुटू दे, पन लोक हासले का मले लगेच सांग. कायले हासले थे मागून लिही. पहिले हासले म्हनून सांग." त्यासाठी दोन अक्षरंही नकोत म्हणाला. एकच ठेवलं, ह.

शुक्रवारी त्यांच्या घरच्या बैठकीत सतरंजी अंथरली होती. पाहुणे जीपनं आले. नवरदेवाचे आईवडील, मामा, दोन वडीलधारी माणसं. मास्टरची बायको आणि मुलगी पडद्याआड आत होत्या. मी मास्टरच्या उजव्या हाताला, मांडीवर कीबोर्ड. माझ्यासमोर त्याचा फोन उभा, त्याला दिसेल असा. सरबत आलं, हालहवाल झाली, आणि मी टाइप करत राहिलो. बोलणं सुरू होतं न होतं तोच पडद्यावर उमटत होतं. मास्टर वाचायचा आणि लगेच जबाब द्यायचा. पाहुण्यांना आधी ते लक्षातच आलं नाही. मग मामा माझ्याकडे रोखून पाहायला लागले. मी त्यांचं वाक्य न् वाक्य लिहून घेतोय हे त्यांनी हेरलं होतं.

"भाई, ये साहब कौन?" त्यांनी विचारलं. "वकील तो नहीं? इनको बोलो, सब बातां लिख के मत रखो. कल को लडके ने भाजी लाने में देर की, तो ये कागज कोर्ट में लगा देंगे."

बैठक हसण्यानं भरून गेली. मी ह दाबला.

मास्टर हसला. सगळ्यांबरोबर, त्याच क्षणी, मान मागे टाकून हसला. कशाला हसतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. मग मी मामांचं वाक्य लिहिलं, ते वाचून तो दुसऱ्यांदा हसला आणि ते पाहून बाकीचे पुन्हा हसले. माझेही खांदे हलत होते. मग त्यानं पाहुण्यांना सांगितलं की हे माझे दोस्त, यांना आवाज नाही, मला कान नाहीत, दोघं मिळून आज तुमच्यासमोर एक माणूस बसलोय. मामा उठून आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्या वेळी बोलणं काही उमटलं नाही, कारण लिहिणारे हात त्यांच्या हातात होते.

नंतर नवरदेवाची आई बोलली. इतका वेळ ती गप्प होती. म्हणाली, "एक बात पूछनी है. बच्ची को हमारे यहां बाप की याद आयी, फोन किया, तो आप सुनेंगे कैसे?"

मी लिहिता लिहिता थांबलो. क्षणभरच. मग जसंच्या तसं लिहिलं.

मास्टरनं वाचलं. म्हणाला, "वो लिखेगी, मैं बोलूंगा. मेरी आवाज तो उसको सुनाई देगी ना."

आतून पडद्यामागे कोणीतरी मुसमुसलं. नवरदेवाच्या आईनं ओढणी सारखी केली. "तो लिखना हमको भी सिखाना," ती म्हणाली. "घर में अकेली वही क्यों लिखे." मी तेही लिहिलं. माझ्याकडे त्याचा फर्मा नव्हता आणि माझी बोटं नीट पडत नव्हती, दोन अक्षरं चुकली. मास्टरला तरी समजलं. त्यानं हात उंचावून दुआ केली.

पाहुणे गेल्यावर तो बराच वेळ सतरंजीवर तसाच बसून होता. मी कीबोर्ड कापडात गुंडाळत होतो. "इतके साल," तो म्हणाला, "लोक हासतेत, मंग मी त्यायचे तोंडं पायतो, मंग हासतो. तवरिक थे थांबलेले राह्यतेत. मी एकटाच हासत राह्यतो. आज सगळे हासले तवाच मी हासलो."

मला जे म्हणायचं होतं ते मी त्याला पूर्ण लिहून दिलं. त्यानं वाचलं आणि फोन पालथा ठेवला. ते इथं लिहीत नाही.

निकाह थंडीत झाला. माझी बायको मुलीला मेंदी लावायला गेली होती आणि बिर्याणीच्या मोठ्या डेगचीचं कौतुक अजून करते. मुलगी कारंज्याला गेली. मास्टर दुकानात काम करता करता मध्येच फोन तोंडाजवळ धरून बोलतो, थांबतो, पडद्याकडे पाहतो, पुन्हा बोलतो. गिऱ्हाईक तोवर थांबतं.

मागच्या महिन्यात मुलगी पहिल्यांदा माहेरी आली, बरोबर तिची सासूही. दोघी दुकानात आल्या तेव्हा मी तिथंच होतो. मास्टरनं माझ्याकडे पाहिलं, मी सवयीनं कीबोर्ड पुढे ओढला. त्या बाईनं हात आडवा केला. स्टुलावर बसली, चष्मा लावला आणि एका बोटानं शोधत शोधत लिहायला लागली. मुलगी मागे उभी होती, एकदाही मध्ये बोलली नाही. बराच वेळ गेला. समोरच्या टपरीवरून चहा आला. पडद्यावर मराठीच्या अक्षरांत हिंदी उमटलं, 'समधीजी तबियत कैसी है'.

मास्टर मोठ्यानं, अगदी लांबलचक उत्तर द्यायला लागला. मला काहीच काम नव्हतं. मी ग्लास दोन्ही हातांत धरून चहा पीत बसलो.